तंबूंच्या दिवसांतली पकड

परवा इथे कुवेतमध्ये रिग्गईहून फहाहीलला निघालो होतो. शहर मागे पडलं आणि उजव्या हाताला वाळवंटात तंबू दिसले. पांढरे, दोरांनी ताणलेले, शेजारी पाण्याची टाकी, घरघरणारा जनरेटर, एखादं कुत्रं. इथल्या लोकांचा हा दरवर्षीचा शिरस्ता. थंडी पडली की चांगली घरंदारं सोडून वाळूत जाऊन राहायचं, शेकोटीभोवती बसायचं आणि मार्चमध्ये धूळ उडायला लागली की गाशा गुंडाळून परत यायचं. मुलीला म्हटलं, "बघ, तंबू आले." तिने फोनमधून मानही वर केली नाही. "आई, दे कम एव्हरी इयर." बरोबर आहे तिचं. ती इथेच जन्मली, तिला त्यात काय नवल.

मला मात्र तंबू दिसले की एक खांदा आठवतो. माणसाआधी खांदा आठवतो, ही माझ्या धंद्याची खोड. मी फिजिओथेरपिस्ट. नाशकात शिकले, लग्न करून इथे आले, नवरा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. नव्वदच्या दशकात फहाहीलच्या एका छोट्या दवाखान्यात मी काम करायचे. खाली सोन्याची दुकानं, वर आम्ही. माणसांची नावं मी विसरते, पण गुडघे, कंबरा, खांदे विसरत नाही. बाजारात कोणी ओळख दाखवली तर मी आधी त्याच्या चालीकडे बघते आणि मग म्हणते, "हां, डावा घोटा."

तर तो उजवा खांदा केविनचा होता. केविन उत्तर इंग्लंडातला. एका कंत्राटदार कंपनीत लिफ्टिंग सुपरवायझर, म्हणजे क्रेनने जे काही उचलायचं त्यावर देखरेख करणारा. पण हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. त्याचं खरं काम रग्बी लीग खेळणं. पैसे घेऊन, करार करून खेळणारा खेळाडू होता तो. रग्बीचे दोन प्रकार असतात हे मला त्यानेच सांगितलं. एक साहेबलोकांचा. दुसरा गिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या गावांतला, तो त्याचा.

पहिल्या दिवशी टेबलावर बसता बसता तो मला "लव्ह" म्हणाला. मी चमकले. संध्याकाळी श्रीकांतला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, तर त्याला हसू आवरेना. त्यांच्याकडे म्हणे बसकंडक्टरपासून मासेवालीपर्यंत सगळ्यांना तसंच म्हणतात. पुढे कितीतरी दिवस श्रीकांत जेवायला बसला की "लव्ह, जरा आमटी वाढ" म्हणायचा. मी वाढायचे, पण कमी.

त्याची कारकीर्द मी ऐकली नाही, पाहिली. नाक दोनदा बसवलेलं. एका कानाची पाळी फुगून फुलकोबीच्या तुऱ्यासारखी झालेली. करंगळी वाकडी, ती सरळ करून घ्यायला त्याला कधी सवडच झाली नव्हती. बरगडीवर हाताला लागणारी गाठ. मी कुठेही बोट ठेवलं की तो एका गावाचं नाव घ्यायचा आणि तिथल्या मैदानाबद्दल सांगायला लागायचा. गावं माझ्या लक्षात राहिली नाहीत. मैदानं सगळीकडे सारखीच होती असं वाटायचं. गोठलेला चिखल, चार वाजता पडणारा अंधार आणि तोंडातून निघणारी वाफ.

वडील खाणीत. सतराव्या वर्षी याने पहिला करार केला. पण त्या काळी त्या खेळावर घर चालत नसे, म्हणून दिवसा हा पहाडावर चढायचा. पहाड म्हणजे बांधकामाचा, लोखंडी पायपांचा. संध्याकाळी सराव, रविवारी सामना आणि सोमवारी सुजलेल्या डोळ्याने पुन्हा पहाडावर. जवळजवळ पंधरा हिवाळे असेच गेले. मग त्यांच्याकडे मोठा बदल झाला. हिवाळ्यातला तो खेळ उन्हाळ्यात न्यायचं ठरलं आणि खेळाडूंना पूर्णवेळ पगार मिळू लागला. केविनलाही तसा करार मिळाला. पहाड सुटला. कोरडं मैदान, रात्री नऊपर्यंत उजेड, बाह्या वर करून बसलेले प्रेक्षक. "मला वाटलं, मेलो बहुतेक, आणि चांगल्या ठिकाणी आलो," असं तो म्हणाला होता. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात, सुरुवातीच्या सामन्यांमध्ये, खांदा निखळला. बसवला, परत निखळला. ऑपरेशन झालं. करार संपला, तो क्लबने पुढे वाढवला नाही. मेव्हणा कुवेतमध्ये होता, त्याने इथे ओढला. पण क्लबने दार अगदी बंदही केलं नव्हतं. फेब्रुवारीत सराव सामने असतात, तोवर खांदा ठीक झाला तर ये, खेळून दाखव, मग बघू, असं म्हणाले होते. आता याचं वय तिशीपलीकडे. त्याच्या खेळात म्हातारपणच ते. त्याला एक अख्खा उन्हाळा खेळायला हवा होता. एवढंच मागणं होतं आणि त्यासाठी तो आठवड्यातून तीनदा माझ्याकडे यायचा. रबरी पट्टा ताणायचा, वजनं उचलायचा, सांगितलेलं निमूट करायचा. पेशंट म्हणून अगदी शहाणा होता.

अशा खांद्याची एक तपासणी असते. उताणं झोपवायचं, हात बाजूला घ्यायचा, कोपरात वाकवायचा आणि हळूहळू मागे न्यायचा. खांदा निखळतो तो याच वाटेने, आणि शरीराला ती वाट पाठ असते. हे करताना खांद्याकडे बघायचं नसतं, चेहऱ्याकडे बघायचं असतं. सांधा घट्ट आहे का ते बोटांना कळतं. माणसाच्या मनात भीती उरली आहे का, ते चेहऱ्यावरच दिसतं. केविनचा चेहरा कोरी पाटी. मी हात मागे मागे नेत गेले, पण पापणीसुद्धा हलली नाही. मी म्हटलं, छान. तो म्हणाला, "याच्यावर जाऊ नकोस, लव्ह. डॉक्टरसमोर चेहरा हलला की रविवारी बाहेर बसावं लागतं. मी हे विसाव्या वर्षीच शिकलो." मग म्हणाला, "मला कोणीतरी पाडायला हवं. खरोखर पाडायला. तेव्हाच कळेल." आता माझ्या दवाखान्यात पेशंटला पाडायची सोय नव्हती.

ती सोय कोकणातल्या मंडळींनी केली. केविनच्या हाताखाली रिगर, म्हणजे क्रेनला ओझं बांधणारे कामगार होते, त्यातला म्होरक्या दत्ताराम. गुहागरकडचा, चाळिशीचा, बुटका, मांड्या मुसळासारख्या. तरुणपणी मुंबईत एका कंपनीच्या संघातून कबड्डी खेळलेला. फहाहीलच्या मागच्या बाजूला त्यांचा कॅम्प होता. एका खोलीत सहा-आठ जण, बायकामुलं गावी. हिवाळाभर दर शुक्रवारी सकाळी कॅम्पमागच्या मोकळ्या जागेत यांची कबड्डी. ते मैदान त्यांनी कसं केलं होतं ते बघण्यासारखं होतं. वरची वाळू खरवडली की खाली काळं कवच लागायचं. युद्धात तेलाच्या विहिरी पेटल्या तेव्हाची काजळी वाळूत बसून घट्ट झालेली. ते कवच यांनी फावड्याने काढून टाकलं, चाळलेली वाळू आणून पसरली, आदल्या संध्याकाळी पाणी मारून बसवली आणि वर चुन्याच्या रेषा आखल्या. वारा पडलेला असला की रिफायनरीचा सडक्या अंड्यासारखा वास तिथे येऊन थांबायचा. खेळणाऱ्यांना त्याचं काही नसायचं.

केविनने साइटवर दत्तारामला विचारलं, मी येऊ का. दत्ताराम म्हणाला, या की. आणि संक्रांतीच्या आसपासच्या एका शुक्रवारी आम्ही तिघं तिथे गेलो. मी तीळगूळ घेतला होता. श्रीकांतला सुट्टीचं उठावं लागल्याने त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

केविनसाठी खुर्ची मांडलेली. चहा काचेच्या ग्लासात, बाकीच्यांना कागदी कपात. मग दत्तारामने एक नारळ आणून त्याच्या हातात दिला आणि काय करायचं ते खुणेने दाखवलं. केविनने नारळ दगडावर असा आपटला की पाणी श्रीकांतच्या बुटावर उडालं. सगळे खूश. मग प्रत्येकाने वाकून रेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि खेळ सुरू झाला.

नियम मी केविनला गाडीत सांगितले होते. एकाच दमात कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडे जायचं, कोणाला तरी शिवायचं, परत यायचं. त्यांनी धरून ठेवलं आणि दम सुटला की बाद. त्याने चढाई केली. एवढा दांडगा माणूस, पण पाय हलके होते. समोरचे चौघे त्याच्यावर आले, हात लागले, सुटले आणि तो रेषेच्या अलीकडे आला. टाळ्या पडल्या. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा तर तिघे जण अंगावर घेऊन आला. धापा टाकत माझ्याकडे धावला, चेहरा असा फुललेला की त्या माणसाचं वय किती हे कोणाला सांगता आलं नसतं. "टिकला, लव्ह. तिघे होते, आणि टिकला." सोमवारी क्लबला फोन करणार म्हणाला.

मी मात्र दुसरंच पाहिलं होतं. मी माणसांच्या हातांकडे बघते, ती माझी रोजीरोटी आहे. दत्तारामचा हात केविनच्या घोट्यावर पडला होता, चांगला घट्ट पडला होता, आणि मग उघडला होता. निसटला नव्हता, उघडला होता.

चहाच्या वेळी मी दत्तारामला बाजूला घेतलं. "तुम्ही सोडलंत त्यांना."

त्याला वाटलं मी कौतुक करते आहे. "मग काय वहिनी. नारळ फोडलाय त्यांनी."

मला कळेना. तेव्हा त्याने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे गावच्या स्पर्धेत पाहुण्याच्या हातून नारळ फोडतात आणि मग पाहुणाच पहिली चढाई करतो. सरपंच असेल, शाळेचा हेडमास्तर असेल, कोणी पोट सुटलेला शेठ असेल. तो धोतर सावरत पलीकडे जातो, कोणाच्या तरी डोक्याला हात लावतो, परत येतो. त्याला कोणी धरत नाही. "उद्घाटनाची चढाई ती. पाव्हण्याला कोण आडवा करतो काय?" तो म्हणाला. "आणि हे साहेब तर दिवसभराचे पाव्हणे. तसा मीच बोललो सगळ्यांना, हात लावा, पन धरायचा नाय."

मनात म्हटलं, झालं. सरळ सांगायचं तर मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. त्या माणसांनी मोठ्या मनाने पाहुणचार केला होता. आणि त्या पाहुणचाराच्या भरवशावर हा माणूस विमानात बसणार होता, तिकडच्या पंचविशीतल्या पोरांसमोर उभा राहणार होता. ती पोरं काही याला नारळ फोडायला बोलावणार नव्हती. परत येताना गाडीत श्रीकांत म्हणाला, "तू कशाला पडतेस मध्ये? खांदा बरा केलास, तुझं काम संपलं." मी म्हटलं, "संपलं नाही."

केविन खेळायला परत गेला नाही, हे इथेच सांगून टाकते. ताणून धरायचा माझा स्वभाव नाही. तो पुढे काही वर्षं कुवेतमध्ये राहिला, साइट सोडून कुवेत सिटीत कंपनीच्या ऑफिसात सेफ्टीचं काम बघू लागला, टाय लावू लागला. मग शेजारी पुन्हा युद्ध होणार अशी हवा झाली तेव्हा बरेच गोरे लोक निघून गेले, त्यात तोही गेला. दत्तारामही आता गावी असतो, आंब्याची कलमं लावली आहेत म्हणे. ती चाळलेल्या वाळूची जागा आता गाड्यांचं गॅरेज आहे. मी कधी तिथून जाते, पण मुद्दाम थांबत नाही. गॅरेजसमोर काय थांबायचं.

तर त्या शुक्रवारनंतर रविवारी केविन दवाखान्यात आला. मी पट्टा त्याच्या हातात दिला आणि सांगून टाकलं, की ते हातचं राखून खेळत होते. तो पट्टा ताणत राहिला. म्हणाला, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पंधरा वर्षं लोक मला पाडत आलेत, लव्ह. निसटलेला हात आणि सोडलेला हात मला कळणार नाही? दुसऱ्याच चढाईला कळलं."

"मग एवढा आनंद कसला झाला होता?"

"आठवडाभर तरी तसं वाटू द्यायचं होतं," तो म्हणाला. मग पट्टा खाली ठेवला. "दत्तारामला सांग, खरं खेळ म्हणून. मी सांगितलं तर तो हो म्हणेल आणि परत सोडेल. मी त्याचा साहेब आहे."

"लागलं तर?"

"लागलं तर तुझ्याकडेच येईन की."

मी दत्तारामला निरोप दिला. त्याने मान हलवली, पण मला त्याचा भरवसा वाटला नाही. साहेब तो साहेबच. तेव्हा मला जे सुचलं ते मी केलं. पुढच्या शुक्रवारी गाडीतून उतरताच दत्ताराम नारळ घेऊन केविनकडे निघाला, तो मी मध्येच घेतला आणि श्रीकांतच्या हातात दिला. "आज हे फोडतील," मी म्हटलं. दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला, मग केविनकडे, मग नारळाकडे. श्रीकांतला दोन दणके द्यावे लागले. मग रिवाजाप्रमाणे त्यालाच उद्घाटनाची चढाई करायला लावली. तो चष्मा सांभाळत पलीकडे गेला, एका पोराच्या डोक्याला हात लावून आला. पाहुणा झाला. खुर्चीही त्यालाच मिळाली.

केविनने बनियनखाली खांद्याला पट्टी गुंडाळली होती, खेळाडू बांधतात तशी, अगदी सफाईने. थंडी चांगलीच होती, वाळू ओली आणि गार. तो चढाईला गेला. डाव्या कोपऱ्यात दत्ताराम गुडघ्यांत वाकून, बसकण घेऊन उभा. केविनने एक पाय पुढे टाकला मात्र, आणि दत्तारामने पट काढला, मांडीला कवळ घालून तो त्याला चिकटला. या वेळी हात उघडला नाही. बाजूच्या दोघांनी साखळी केली आणि ते सगळं झाड कोसळावं तसं उजव्या अंगावर पडायला लागलं.

मी चेहऱ्याकडे बघत होते. पडता पडता, जमीन अजून हातभर लांब असताना, त्याने उजवा हात पोटाशी ओढून घेतला आणि अंग फिरवून डाव्या बाजूवर पडला. किती वेळ लागला असेल त्याला, डोळ्याची पापणी लवते तेवढा. पण मी जे दवाखान्यात इतके दिवस शोधत होते ते तेव्हा दिसलं. त्याच्या खेळात त्याचं काम होतं तो खांदा घेऊन दुसऱ्यावर धडकायचं. आणि त्याने तो लपवला.

खांद्याला काही झालं नव्हतं. तो उठला, हात गोल फिरवून बघितला. मग माझ्याकडे आला. "पाहिलंस?"

मी म्हटलं, "हो." खोटं बोलून काय करणार होते. मला फार वाईट वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तोच माझ्या पाठीवर थोपटल्यासारखं करून रेषेबाहेर बाद गड्यांच्या जागी जाऊन बसला. बनियनची बाही वर केली आणि खांद्याची पट्टी सोडायला लागला. हळूहळू, वेढे मोजत असल्यासारखा. पंधरा हिवाळे आणि अर्धा उन्हाळा त्याने तिथे वाळूत बसून सोडवला. कोणाचं लक्ष नव्हतं. खेळ चालू होता.

त्याने मला एकदा सांगितलं होतं, त्यांच्या खेळात पाडलेला माणूस लगेच उठतो. चेंडू पायाखाली ठेवतो, टाचेने मागे ढकलतो, खेळ पुढे. परत पाडतात, परत उठतो. उठायला कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाची मदतही नाही. चांगला खेळाडू कोण, तर जो लवकर उठतो तो.

पट्टी अर्धी सुटली होती तेवढ्यात त्याच्या संघातला महादेव नावाचा काटकुळा वेल्डर चढाईला गेला, कोणाच्या तरी पंजाला बोट लावून रेषेवर येऊन पडला. एकच गलका झाला. दत्तारामने पलीकडून हाक मारली, "केविनसाहेब, उठा. चला आत."

केविनने हात हलवला. "सांग त्यांना, मी बाद आहे."

"तुला उठवलंय," मी म्हटलं. "आपल्या गड्याने त्यांचा एक मारला की आपला एक बाद झालेला आत येतो. तो बघ, त्या निळ्या बनियनवाल्याने तुला उठवलं."

तो महादेवकडे बघत राहिला. महादेव गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं. "मी त्याच्याशी कधी बोललोसुद्धा नाही," केविन म्हणाला.

"बोलावं लागत नाही. नियम आहे तो."

"आणि मी नाही गेलो तर?"

"तर तुझी बाजू एका गड्याने कमी खेळेल."

तो उठला. पट्टी दंडावरून लोंबत होती, ती तशीच ठेवली. आत जाताना वाकून रेषेला हात लावला, सगळे लावतात म्हणून. पलीकडे दत्तारामने तळहातांना वाळू चोळली आणि कोपऱ्यात पुन्हा बसकण घेतली.

थोड्या वेळाने केविन पुन्हा चढाईला गेला आणि दत्तारामने त्याला पुन्हा आडवा केला. या वेळी मी चेहऱ्याकडे बघितलं नाही, नुसतं खांद्याकडे बघितलं. खांदा उत्तम होता.